हस्तगत रायफल: दोन मोसिनच्या खुणांची नोंदवही

१३ जानेवारी २०२४, शनिवार. ओउलु, फिनलंड

आज वही उघडली. आमच्या घरमालकांकडे दोन जुन्या लष्करी बंदुका आहेत, एक लांब रायफल आणि एक आखूड कार्बाइन. दोन्ही त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या, रीतसर परवान्यावरच्या. घरमालकांनी ऐंशी ओलांडली आहे. मी त्यांना काका म्हणतो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच तो शब्द वापरायला लागले. मे महिन्यात त्या दोन्ही बंदुका ते गावच्या संग्रहालयाला देणार आहेत. नातवंडांना त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे की 'त्या रशियन आहेत'. वस्तू घरातून गेली की तिची हकीकतही जाते, म्हणून जाण्याआधी एकूण एक शिक्का, आकडा, ओरखडा टिपून ठेवायचा. फिनिश मजकूर काका लिहितील, मराठी मी. मराठी कशाला, तर बाबांसाठी. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली, आणि मी काडतुसांच्या गोष्टी ऐकत मोठा झालो.

नियम ठरवून घेतले. बंदूक काकाच हाताळतील, आधी बोल्ट, म्हणजे मागची सरकती कळ, उघडून कोठी, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामी आहे हे दोघांनी पाहायचं. तेल नाही, पॉलिश नाही, घासणं नाही. डोळ्याला दिसलं तेवढंच शाईने, तर्क पेन्सिलीने.

२० जानेवारी, शनिवार

रायफल टेबलावर घेतली. लांबी सुमारे १ मीटर ३० सेंटिमीटर. मोसिन, रशियाचं १८९१चं मॉडेल. रशियन लोक हिला 'तीन रेषांची' म्हणत. रेषा म्हणजे इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. तीन रेषा, ७.६२ मिलिमीटर. आजही जगभर ज्या ७.६२चा उल्लेख होतो, त्या मापाचं एक मूळ या झारकालीन हिशेबात आहे, हे मला आज पहिल्यांदा नीट उमगलं.

नळीच्या बुडाशी चौकटीत दोन अक्षरं: एस आणि ए. 'सुओमेन आर्मेया', फिनलंडचं सैन्य. त्याच्याजवळ त्रिकोणात टी, म्हणजे नळी टिक्काकोस्कीच्या कारखान्यातली, आणि साल १९४१. बोल्टवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. बोल्टच्या पुढच्या तुकड्यावर गोलात आर हे अक्षर आहे, ही रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीची खूण. पहिल्या महायुद्धात रशियाला स्वतःच्या कारखान्यांतून रायफली पुरेनात, तेव्हा झारच्या सरकारने अमेरिकेत लाखो मोसिनची मागणी नोंदवली होती. हा तुकडा त्यातलाच.

मग नेम धरायचा दर्शक. मागच्या दर्शकपट्टीच्या कडेला आकड्यांची जुनी ओळ छिन्नीने ठोकून मारलेली आहे आणि शेजारी नवी ओळ उठवली आहे. झारच्या काळातल्या मोसिनवर अंतर अर्शिनमध्ये असे. एक अर्शिन म्हणजे ७१ सेंटिमीटर, म्हणजे ४०० अर्शिन हे साधारण २८४ मीटर. फिनिश सैनिक मीटरमध्ये विचार करणार, म्हणून शस्त्रागारातल्या कुणीतरी बसून जुना आकडा मारला आणि नवा ठोकला. नव्या ओळीतला एक आकडा किंचित तिरका आहे. भिंगातून पाहिलं तर हातोडीचा ठोसा डावीकडून बसलेला दिसतो. बराच वेळ मी त्या एका आकड्यापाशीच थांबलो. शत्रूची मोजपट्टी खोडून आपली उमटवताना त्या माणसाचा हात एवढासा हलला होता.

शीर्षकाच्या चौकटीत शाईने लिहिलं: 'हिवाळी युद्धात रशियनांकडून हस्तगत, १९३९-४०.'

२१ जानेवारी, रविवार

बाबांना फोटो पाठवले होते. फोन आला तो थेट मुद्द्यावर. "काडतूस रिमचं का रे?" म्हटलं हो, बुडाशी काठ असलेलं. "मग आमच्या थ्री-नॉट-थ्रीचंच दुखणं. भरताना वरच्याची रिम खालच्याच्या मागे गेली की अडकलीच. त्यावर त्यांनी काय केलं?" मोसिनमध्ये त्यासाठी एक वेगळी पात आहे. वरची गोळी नळीत शिरेपर्यंत ती खालच्या काडतुसांना दाबून धरते. बाबा खूश झाले. काडतुसाच्या बुडावर के एफ उठवलं की ते खडकीचं, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं आणि मी पुन्हा एकदा ऐकलं.

शब्दांचंही ठरलं. नळी, दस्ता, माशी, चाप, संगीन हे आपले आहेतच. रिसीव्हरला, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या लोखंडी भागाला, काय म्हणायचं? बाबा म्हणाले, कारखान्यात 'बॉडी' म्हणायचे, पण वाचणाऱ्याला ते कळणार नाही, रिसीव्हरच ठेव.

३ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस या कामातला सगळ्यात मोठा. काकांनी दोन स्क्रू काढून दस्ता वेगळा केला. रिसीव्हरची मागची शेपटी दस्त्यात लपलेली असते, आणि रिसीव्हर कधी घडला ते साल तिच्या खालच्या अंगाला ठोकलेलं असतं. तिथे निघालं १८९७.

नळी १९४१ची, रिसीव्हर १८९७चा. हे अपेक्षित होतं. फिनलंडने या बंदुकीच्या उत्तमोत्तम आवृत्त्या काढल्या. सुओयेलुसकुंता या नागरी संरक्षक दलाची एम/२४ आणि एम/२८-३०, सैन्याची एम/२७, मग दोघांची मिळून एम/३९, जिला लोक राष्ट्राध्यक्ष स्विनहुव्हुद यांच्यावरून 'उक्को-पेक्का' म्हणत. नळ्या स्वित्झर्लंडमधून आणल्या, जर्मनीतून आणल्या, पुढे साको आणि टिक्काकोस्की या आपल्या कारखान्यांत स्वतः बनवल्या. एम/२४च्या पैशांसाठी लोत्ता स्वार्द या बायकांच्या संघटनेने निधी उभारला, म्हणून तिचं नावच 'लोत्ता रायफल' पडलं. पण रिसीव्हर त्यांनी कधीच घडवला नाही. प्रत्येक फिनिश मोसिनच्या पोटात रशियाच्या नावाने घडलेला रिसीव्हर आहे.

मला आपली फिरंग तलवार आठवली. पातं युरोपात घडलेलं, मूठ आपल्या कारागिराची, आणि तलवार मराठ्याची. इथेही तोच हिशेब. जे घडवायला मोठा कारखाना आणि अनेक वर्षं लागतात ते परक्याचं घ्यायचं, आणि नेम ज्याच्यावर अवलंबून ती नळी मात्र स्वतःची घालायची. काकांना हे समजावून सांगायला अर्धा तास लागला, पण त्यांना ते फार आवडलं. त्यांच्या मजकुरात 'फिरंग' हा शब्द येणार आहे.

नंतर काकांनी रिसीव्हर उजेडाकडे वळवला आणि कडेला तीन बारीक अक्षरं दिसली: ए झेड एफ. काका गप्प झाले. ही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तोफखाना शस्त्रागाराची खूण. पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर रशियाच्या फौजांनी टाकलेल्या, पडलेल्या, शरणागतीत ठेवलेल्या मोसिन जर्मनांनी आणि ऑस्ट्रियनांनी ढिगांनी गोळा केल्या, तपासून शिक्के मारले आणि आपल्या दुय्यम पलटणींना दिल्या. काहींच्या तर कोठ्या ऑस्ट्रियन काडतुसासाठी बदलून घेतल्या. युद्ध संपल्यावर हा माल युरोपभर विकायला निघाला आणि फिनलंडने तो विकत घेतला. स्वतःकडच्या जपानी अरिसाका रायफली देऊन त्या बदल्यातही मोसिन घेतल्या, म्हणजे सगळ्या सैन्याला एकच काडतूस पुरेल.

तेव्हा २० जानेवारीचं शीर्षक चूक. ही रायफल हस्तगत आहेच, पण फिनलंडने ती हस्तगत केलेली नाही. एस-ए शिक्का पाहिला आणि मी हिवाळी युद्ध गृहीत धरलं. तो शिक्का एवढंच सांगतो की बंदूक फिनिश सैन्याच्या मालकीची होती. कुठून आली, ते सांगत नाही. शाईने लिहिलेलं शाईनेच खोडलं.

४ फेब्रुवारी, रविवार

फोटो पुन्हा काढले. ए झेड एफ तिरप्या उजेडातच दिसतं, समोरून दिवा धरला की गायब होतं. टेबलदिवा डावीकडे, टेबलाला जवळजवळ टेकवून.

१७ फेब्रुवारी, शनिवार. सुओमुस्साल्मी

रायफलीचं शीर्षक बदललं तरी हिवाळी युद्ध समजून घेतल्याशिवाय कार्बाइन हातात घ्यायची नाही असं वाटलं. म्हणून पहाटे निघालो. काका शेजारच्या सीटवर.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा सीमा ओलांडून आल्या. फिनिश सैन्याकडे गणवेशही पुरेसे नव्हते. अनेकांना सरकारकडून पट्टा आणि टोपीवरचं चिन्ह मिळालं, बाकी कपडे घरचे. त्याला पंतप्रधान कायान्दर यांच्यावरून 'कायान्दर नमुना' म्हणत. काकांच्या वडिलांच्या अंगावर लोकरी स्वेटर होता, त्यांच्या आईने विणलेला.

जानेवारी १९४०च्या पहिल्या आठवड्यात या राते रस्त्यावर सोव्हिएत ४४वी डिव्हिजन मोडली. रस्ता एकच, दोन्ही बाजूंना दाट जंगल आणि कमरेइतका बर्फ. फिनिश सेनाधिकारी सीलास्वुओ यांच्या तुकड्यांनी स्कीवरून येऊन लांबलचक रांगेचे तुकडे पाडले. या पद्धतीला 'मोट्टी' म्हणतात, आणि मोट्टी म्हणजे मुळात जळणासाठी तोडून रचलेला लाकडांचा ढीग. ही डिव्हिजन युक्रेनमधून आणलेली होती. तिचा सेनापती विनोग्रादोव्ह मागे सुटला आणि त्याच्याच सरकारने त्याला काही दिवसांत गोळ्या घातल्या.

रस्त्यावर मागे राहिलं ते सगळं फिनिश सैन्याने उचललं. रणगाडे, तोफा, ट्रक, घोडे, सैन्याची चाकावरची स्वयंपाकघरं, आणि रायफली. फिनिश भाषेत याला 'सोतासालिस' म्हणतात, युद्धाची कमाई. काका म्हणाले, रायफल उचलली की तिच्यासाठी काही शिकावं लागत नव्हतं. बोल्ट तोच, काडतूस तेच. मेलेल्या सैनिकाच्या पाकिटातली काडतुसं थेट आपल्या बंदुकीत. मित्रांनी पाठवलेल्या मदतीचं असं नव्हतं. इटलीच्या चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास कारकानो रायफली आल्या, पण त्यांचं ७.३५चं काडतूस दुसऱ्या कशातच चालत नव्हतं, त्यामुळे त्या बहुतेक पिछाडीलाच राहिल्या. आपल्याच मापाचं काडतूस वापरणाऱ्या शत्रूशी लढण्याचा हा भीषण फायदा होता.

रस्त्याच्या सुरुवातीला स्मारक आहे. मोकळ्या मैदानात हजारो दगड, दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी. मधोमध उंच खांबांवर १०५ घंटा, युद्धाच्या दर दिवसाला एक. बर्फामुळे आज एकही दगड दिसत नव्हता, फक्त पांढरे उंचवटे. वारा होता म्हणून घंटा वाजत होत्या, एकदम नाही, इथली एक, तिथली एक. काका टोपी काढून उभे राहिले. मीही काढली. कान बधिर होईपर्यंत उभे होतो.

परतताना बोलणं झालं नाही.

२ मार्च, शनिवार

कार्बाइन. लांबी १ मीटर २ सेंटिमीटर. सोव्हिएत १९३८ मॉडेल, संगीन लावायची सोय नाही, तोफखान्याच्या, वाहनांवरच्या, सिग्नलच्या जवानांसाठी. इझेव्स्क, १९४२. आणि चौकटीतलं एस-ए.

इथे तर्काला जागा कमी. हे मॉडेल फिनलंडने कारखान्याकडून कधी विकत घेतलेलं नाही, आणि १९४२ साली दोन्ही देश पुन्हा युद्धात होते. ही आघाडीवरूनच आली. एकच फाटा उरतो. जर्मनांनी स्वतः पकडलेली रशियन शस्त्रंही फिनलंडला विकली होती, तेव्हा पहिला पकडणारा हात जर्मनाचाही असू शकतो. म्हणून शाईने 'सोव्हिएत सैन्याकडून हस्तगत' एवढंच. कुणी, कुठे, ते पेन्सिलीत.

दोन रिसीव्हर शेजारी ठेवले. १८९७चा पैलूदार, कडा धारदार, पृष्ठभाग काचेसारखा. १९४२चा गोल, आणि अंगभर लेथच्या रेघा. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा जवळजवळ, आणि एका ठिकाणी हत्यार खोल गेलेलं. गुळगुळीत करायला कुणालाच वेळ नव्हता. जर्मन फौजा व्होल्गाकडे निघाल्या होत्या आणि त्या कारखान्यांत बायका आणि पोरं पाळ्या करत होती. या रेघांवरून बोट फिरवलं की घाई हाताला लागते. मला तो रिसीव्हर पहिल्यापेक्षा कमी वाटला नाही.

दस्त्याच्या डाव्या अंगाला चाकूने कोरलेलं एक अक्षर आहे: Ж. रशियन लिपीतला 'झ'सारखा उच्चार. फिनिश शस्त्रागारात कुणीतरी त्यावर कानस फिरवली आहे, पण अर्ध्यावर सोडली. वरचे तीन फाटे पुसट, खालचे तीन स्पष्ट.

काकांनी हे अक्षर लहानपणापासून पाहिलेलं. त्यांना ते कोळी वाटायचं. आज त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं की हे कुणाचं तरी नाव आहे.

९ मार्च, शनिवार

जर्मनांच्या पद्धतीवर एक परिच्छेद हवा होता, तो लिहिला. त्यांनी हस्तगत शस्त्रांची पद्धतशीर यादीच केली. प्रत्येक परक्या शस्त्राला क्रमांक आणि शेवटी कंसात मूळ देशाचं अक्षर. रशियन रायफलला आर, फ्रेंचला एफ, चेकला टी. चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर ब्र्नो शहरातला बंदुकांचा कारखानाच हाती आला, मग तिथली आखूड रायफल थोड्या फरकाने 'ग्वेअर ३३/४०' म्हणून पहाडी पलटणींसाठी बनवत राहिले. तिथे बंदूक पकडण्यापेक्षा बंदूक बनवणारी माणसं पकडली होती. यावर जास्त लिहावंसं वाटत नाही.

संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जर्मन-रशियन सगळे आले, आझाद हिंद सेना कुठंय?" खरंच सुचलं नव्हतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, इंग्रजांनी खाली ठेवलेल्या ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफली, जपान्यांच्या ताब्यात गेल्या, आणि आझाद हिंद सेनेच्या हातात आल्या त्या प्रामुख्याने याच. जे जवान काल ज्या रायफलीने इंग्रजांकडून लढले, तीच घेऊन इंग्रजांविरुद्ध इंफाळकडे निघाले. सेनेचे एक प्रमुख अधिकारी जगन्नाथराव भोसले आपल्या सावंतवाडीकडचे, तिरोड्याचे. बाबांनी लगेच कारखान्यातला प्रश्न काढला: "काडतुसं कोण देणार होतं?" जपानी सैन्याच्या रायफलीचं ७.७चं काडतूस व्यासाला जवळपास तेवढंच, पण बिनकाठाचं, थ्री-नॉट-थ्रीत चालणार नाही. म्हणजे लुटीत आलेला साठा संपेपर्यंतच. फिनलंडला काडतूस समोरच्या खंदकातून मिळत होतं आणि स्वतःच्या कारखान्यातूनही. या पोरांना मागे कारखाना नव्हता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही तेव्हा खडकीत कुणासाठी काडतुसं बनवत होतो ते लिही." ते स्वतः तेव्हा जन्मलेही नव्हते, पण 'आम्ही' म्हणाले. लिहिलं.

१३ मार्च, बुधवार

१९४० साली आजच्या दिवशी हिवाळी युद्ध थांबलं. काकांनी खिडकीत मेणबत्ती लावली.

६ एप्रिल, शनिवार

रायफलीच्या दस्त्याची नोंद राहिली होती. माशीकडून मागे येताना बर्चच्या लाकडात एक नागमोडी रेघ आडवी जाते. तिथे दोन लाकडं जोडलेली आहेत, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी. नखाने चाचपलं, सांधा लागत नाही. फिनिश कारागिरांची ही खास पद्धत. मागचा भाग गडद, पुढचा पिवळसर, दोन वेगवेगळी झाडं. सरळ, लांब, निर्दोष लाकूड सारखं कुठून आणायचं? मागचा चांगला, तर पुढचा नवा लावा. आमच्या आजीने गोधडीत असंच केलं असतं.

पट्ट्याच्या कड्या फिनिश. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी जुनी, तिच्यावर इझेव्स्कचा धनुष्यबाण. म्हणजे एका रायफलीत आजवर चार देश: रशिया, अमेरिका, ऑस्ट्रिया-हंगेरी, फिनलंड.

२७ एप्रिल, शनिवार

मजकूर पक्का केला. काकांचा आग्रह होता की शेवटी १९८५च्या सुमाराची फिनिश स्नायपर रायफल यावी. ती जुन्या मोसिनच्या रिसीव्हरवरच बांधली, नव्या जाड नळीसह, आणि एकविसाव्या शतकातही सैन्यात होती. झारच्या काळात घडलेलं लोखंड फिनिश स्नायपरच्या हातात. घेतलं.

वाद झाला तो Ж वर. काकांचं म्हणणं, ते अक्षर दस्त्यावरचा ओरखडा म्हणून तळाशी नोंदवू. मी म्हटलं, या कार्बाइनबद्दल आपल्याला ठाऊक असलेल्या माणसांत तो पहिला आहे, त्याला वर घेऊ. काकांचे काका रशियाच्या सीमेकडच्या कारेलियात १९४४ साली गेले. मी पुढे बोललो नाही. चहा झाला. मग काकांनी स्वतःच पेन्सिल घेऊन ते अक्षर पानाच्या वरच्या टोकाला काढलं, सहाही फाटे पूर्ण करून.

११ मे, शनिवार

संग्रहालयात दोन्ही बंदुका सुपूर्द. बर्फ गेला आहे, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पाणी आहे.

फॉर्मवर 'यापूर्वीचे मालक' या रकान्याला दोन ओळी होत्या. तिथल्या बाईंनी वेगळा कागद जोडायला परवानगी दिली. रायफलीच्या कागदावर क्रमाने लिहिलं: रशियाचं झारशाही सैन्य, ऑस्ट्रिया-हंगेरी, फिनिश सैन्य, काकांचे वडील, काका. कार्बाइनच्या कागदावर सोव्हिएत सैन्याच्या खाली काकांनी Ж लिहिलं. बाईंनी विचारलं, हे कोण? काका म्हणाले, "हा सैनिक होता." बाईंनी ते तसंच नोंदवून घेतलं.

बाबांना छापील प्रत पोस्टाने टाकली.